मागच्या सीटवरची तूरडाळ

आमच्या नागपूरच्या घरी पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नसे. म्हटलं तर तो माणूस हावरट ठरायचा. चहा घेणार का, तर नको. अहो घ्या हो, तर कशाला उगाच. घोटभर तरी, तर बरं, अर्धाच कप. मग तो माणूस भरलेला कप आणि वर बशीभर चिवडा संपवून उठायचा आणि दोन्हीकडचा मान राहायचा. माझी मोठी मावशी एका जावेला जन्मभर नावं ठेवत होती, कारण ती बाई पहिल्याच विचारण्याला पुरणपोळी ताटात घ्यायची.

उल्हास, म्हणजे माझा नवरा, पुण्याचा. त्यांच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार नसालच" असं विचारतात. हे लग्न ठरताना मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आधीच पुणेरी, त्यात बावीस वर्षं कॅनडात. इथे तर तुम्ही एकदा नको म्हणालात की समोरचा हसून "नो प्रॉब्लेम" म्हणतो आणि डबा बंद करतो. इथली माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे जेवायला जाताना मी घरून पोळी-भाजी खाऊन निघते.

तर मार्चमधला एक शनिवार होता. ड्राइव्हवेवर गुडघाभर स्नो साचला होता आणि तो शोव्हल करायची पाळी उल्हासची होती, म्हणूनच तो लॅपटॉप उघडून बसला होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, ही म्हण मी लग्नापासून त्याच्यावर वापरते आणि ती अजून एकदाही वाया गेलेली नाही.

"सप्टेंबरमध्ये हेरॉल्ड आणि मी मोटरसायकल टूर करतोय," तो म्हणाला. "पाच दिवस. फ्रान्समधले वोजचे डोंगर, मग ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट. बाइक तिकडेच रेंट करायच्या."

मी कणीक मळत होते.

"येतेस का?"

माझे हात थांबले. खरं सांगते, तेवढ्यात मी मनातल्या मनात स्वेटरसुद्धा भरून ठेवला. पण तोंडातून निघालं तेच, जे माझ्या घरच्या कुठल्याही बाईच्या तोंडून निघालं असतं.

"मी कशाला? जा तुम्ही दोघं."

आता त्याने म्हणायचं होतं, अगं चल की. मग मी म्हणणार होते, माझं काय काम तिथे. मग तो म्हणणार, तुझ्याशिवाय काय मजा. आणि मग मी कपाळाला आठ्या घालून, अगदी नाइलाज झाल्यासारखी, तयार होणार होते. सगळं ठरलेलं होतं. त्याला फक्त त्याचं वाक्य म्हणायचं होतं.

"ओके," उल्हास म्हणाला, आणि चक्क स्नो शोव्हल करायला निघून गेला.

मला का जायचं होतं, तेही सांगून टाकते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही पुण्याहून भोरमार्गे वरंध घाटात मोटरसायकलने जायचो. मी मागे बसायचे, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बोलत राहायचे. त्याला मागे वळून वाद घालता यायचा नाही, त्यामुळे तो ऐकायचा. आमच्या संसारातलं सगळ्यात चांगलं बोलणं त्या सीटवर झालं आहे. कॅनडात आल्यापासून आम्ही गाडीत शेजारी शेजारी बसतो, त्याच्या बाजूला त्याचा हीटर, माझ्या बाजूला माझा, आणि मधे जीपीएसवाली बाई बोलते. मला ती मागची सीट परत हवी होती. ब्लॅक फॉरेस्ट नसतं आणि नुसता वाटेत एखादा डोंगर असता, तरी मला चाललं असतं.

तीन वर्षांपूर्वी उल्हासने इथलं मोटरसायकलचं लायसन काढून एक सेकंडहँड बाइक घेतली. ती एप्रिल ते ऑक्टोबर दूध आणायला जाते आणि उरलेले महिने गराजमध्ये झोपते. तिच्यावर मागे बसतेस का, असं त्याने तेव्हा मला विचारलं होतं. एकदा. मी काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

हेरॉल्डची गोष्ट वेगळी. तो वसईचा, मिसरूड फुटल्यापासून मोटरसायकलवर. आम्ही कॅनडात आलो तेव्हा टोरांटोच्या एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. माझ्या फोडणीच्या वासावर त्याने दार वाजवलं, तीच ओळख. पुढे त्याला विंडसरला गाड्यांच्या प्लांटमध्ये काम मिळालं, आम्ही इकडे रिचमंड हिलला घर घेतलं. मधे चार तासांचा हायवे आहे, पण मैत्रीला तो कधी आडवा आला नाही. त्याची बायको पर्ल हॉस्पिटलात पेशंटचं रक्त काढायचं काम करते. त्या बाईला हेरॉल्डने विचारलंच नाही. त्याने फोनवर उल्हासला टूर सांगितली, ती मागून ओरडली, "मी येतेय," आणि विषय संपला. मला तिचा हेवा वाटला आणि थोडा रागही आला. एवढ्या पटकन हो म्हणतात का कुणी?

एप्रिलमध्ये खरं प्लॅनिंग सुरू झालं आणि अर्थातच ते माझ्या गळ्यात आलं. मी शाळेच्या बसचे रूट आखते, गेली अकरा वर्षं. कुठली पिवळी बस कुठल्या कोपऱ्यावरून वळेल आणि कुठे वळताना अडकेल, हे बघणं माझं काम. या दोघांनी आखलेला पहिला दिवस मी पाहिला आणि मला हसू आवरेना. सकाळी स्ट्रासबूर्ग, दुपारी वोजच्या माथ्यावरून जाणारा तो प्रसिद्ध रस्ता, संध्याकाळी नदी ओलांडून ब्लॅक फॉरेस्टमधले तलाव, रात्री बाडेन-बाडेनला गरम पाण्याची अंघोळ.

"हे सगळं एका दिवसात?" मी विचारलं.

"गूगल सहा तास दाखवतं," हेरॉल्ड लॅपटॉपच्या स्क्रीनवरून म्हणाला. आमच्या बैठका व्हिडिओवर व्हायच्या.

"गूगलला गुडघे नाहीत, हेरॉल्ड. तुला आहेत."

मी ते सगळं पुसून नव्याने मांडलं. दोन दिवस वोज, तीन दिवस ब्लॅक फॉरेस्ट, रोज दुपारी चारपर्यंत मुक्कामाला. रविवारी कुठल्या गावात पेट्रोल मिळेल ते पाहिलं. फ्रायबुर्गजवळच्या एका डोंगरी रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटरसायकलींना बंदी असते, ते शोधून काढलं. हे दोघे नेमके शनिवारी तिथे धडकणार होते. मुन्स्टरच्या खोऱ्यात चीज बनवणाऱ्या एका शेतघरात जेवण मिळतं, तेही घातलं. आणि बोलता बोलता, आवाजात काही येऊ न देता, मी तारखा बदलल्या. सप्टेंबरचा पहिला आठवडा काढून शेवटचा टाकला.

"गर्दी कमी, रेट कमी," मी म्हणाले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला इथल्या शाळा सुरू होताना माझ्या ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नसतो, शेवटच्या आठवड्यापर्यंत रूट बसलेले असतात, हे मी बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं.

मग ती काळी बॅग आली. वॉटरप्रूफ, चार पट्ट्यांची, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधायची. उल्हासने ती डायनिंग टेबलवर ठेवून हात फिरवला. "बघ, सीटवर परफेक्ट बसते," तो म्हणाला. "जराही हलत नाही."

ती हलत नाही, बोलत नाही, आणि तिला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. माझ्या जागेवर बसणारी ती बॅग मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मी दोनदा ती बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली, दोनदा ती वर आली.

त्याच सुमारास आमची लेक ऊर्मी लंडनहून सुट्टीला घरी आली. लंडन म्हणजे इथलं, ओंटॅरिओतलं. तिथे ती युनिव्हर्सिटीत शिकते. सकाळी तिच्या ताटात मी तिसरं थालीपीठ टाकलं.

"आई, आय सेड नो."

"अगं, लहान आहे."

"इट्स नॉट अबाउट द साइझ. नो मीन्स नो. यू हॅव टू रिस्पेक्ट दॅट." आणि मग तिने आम्हा दोघांना पंधरा मिनिटं सुनावलं की, माणसाने नाही म्हटल्यावर परत परत विचारणं म्हणजे त्याच्यावर दबाव टाकणं. उल्हास मान हलवत इतक्या गंभीरपणे ऐकत होता, की मला त्याचाच राग आला. थालीपीठ मात्र तिने खाल्लं.

मे महिन्यात एक दिवस खिचडी टाकायला गेले तर तांदळाची नवी गोणी जागेवर नाही. घरात शोधली, बेसमेंटमध्ये शोधली. शेवटी मागच्या शाळेच्या पार्किंग लॉटमधून मोटरसायकलचा आवाज आला म्हणून जाऊन पाहिलं. रिकाम्या लॉटमध्ये उल्हास आठाच्या आकड्यात गोल फिरत होता आणि मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेली माझी सोना मसुरी बसली होती.

"हे काय चाललंय?"

"सस्पेन्शन सेट करतोय," तो म्हणाला. "सामानाचं वजन असलं की ब्रेक वेगळा लागतो."

म्हणजे तांदूळसुद्धा मोटरसायकलवर बसून आले. घरात राहिले होते फक्त मी आणि डाळी. पुढच्या आठवड्यात सीटवर दोन गोण्या झाल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. आणि मग डाळीही गेल्या; तिसऱ्या गोणीच्या वर तूरडाळीचं एक पाकीट बांधलेलं मला खिडकीतून दिसलं. मी विचारायचं सोडून दिलं होतं. खिचडी करायची असली की आधी मोटरसायकलवरून तांदूळ उतरवून घ्यावे लागायचे, एवढंच.

व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला हेरॉल्ड आणि पर्ल जेवायला आले, आणि त्या दिवशी मी ठरवलं की आता कॅनडाचा कायदा माझ्या टेबलवरही लागू करायचा.

आमरस-पुरी होती. आंब्याचा रस डब्यातला, पण चांगल्या दुकानातला. हेरॉल्डची पहिली वाटी संपली. मी पातेलं घेऊन गेले.

"अजून देऊ?"

"नको वैनी, खूप झालं," हेरॉल्ड म्हणाला आणि सवयीने वाटी थोडी पुढे सरकवली.

"ओके," मी म्हणाले आणि पातेलं घेऊन परत आले.

हेरॉल्ड वाटीकडे बघत राहिला. बावीस वर्षांत माझ्या घरी त्याच्यावर ही वेळ आली नव्हती. मग मी उल्हासकडे गेले. पुरी? नको, बास. ओके. कोशिंबीर? जरा थांब. ओके. दहा मिनिटांत दोघेही हात चाटत आणि एकमेकांकडे बघत बसले होते. टोपलीत पुऱ्या होत्या, पातेल्यात रस होता आणि मी शांतपणे माझी तिसरी पुरी खात होते.

"सीमा, बरं नाही का तुला?" उल्हासने विचारलं.

"मला काय झालंय? नाही म्हणजे नाही."

पर्लने कुणाला न विचारता पातेलं ओढलं आणि स्वतःची वाटी काठोकाठ भरली. वाटीच्या कडेवरून ती माझ्याकडे बघत होती.

भांडी घासताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाहेर पुरुष मोटरसायकलभोवती उभे होते.

"तुला जायचंय," ती म्हणाली.

"मी नाही म्हटलंय."

"ते मला माहिती. तुला जायचंय."

मी कढई जोरात घासली. "मग त्याला कळायला नको?"

"सांग त्याला."

"विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"त्याने विचारलं होतं."

"एकदाच."

पर्लने हातातलं फडकं खाली ठेवलं. "जिझस, सीमा. एकदा विचारलं की लोक आन्सर देतात. मी पेशंटला दोनदा दोनदा विचारत बसले, रक्त काढू का, नको, काढू का, नको, तर लाइन पार्किंगपर्यंत जाईल. तोंड कशाला दिलंय देवाने?"

तिचं म्हणणं मला पटत होतं आणि तोंडातून काही निघत नव्हतं. आपणहून मागून घेतलेल्या गोष्टीला मान नसतो, असं मी ज्या घरात शिकले, तिथे ते कुणाला शिकवावंही लागलं नव्हतं. उल्हासला मी मागे हवी आहे का, हा खरा प्रश्न होता. हवी असते तर त्याने दुसऱ्यांदा विचारलं असतं. मी त्या दिवशी हे पर्लला सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज फाटला. तिने माझ्या हातातली कढई घेतली आणि स्वतः घासली.

जूनमध्ये स्ट्रासबूर्गहून मेल आली. ज्या बाईकडून मोटरसायकली भाड्याने घ्यायच्या होत्या, तिने विचारलं होतं की दुसरी बाइक एकट्यासाठी हवी की मागे कुणी बसणार आहे. एकट्यासाठी असेल तर हलकी देते, दोघांसाठी असेल तर मोठी. सोमवारपर्यंत कळवा, नंतर बदल होणार नाही.

मेल अर्थात मीच वाचली, कारण टूरच्या सगळ्या मेल्स मीच लिहीत होते.

"काय लिहू?" मी विचारलं. मी लॅपटॉपकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

उल्हास खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. मला वाटलं, आता. आता विचारेल.

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला.

"मला काय वाटायचंय? चालवणार तू."

"हं," तो म्हणाला. "मग सोलोच लिही."

मी लिहिलं नाही. डोकं दुखतंय म्हणून लॅपटॉप बंद केला आणि वर जाऊन खरंच डोकं दुखेपर्यंत झोपले.

शनिवारी सकाळी हेरॉल्ड आणि पर्ल विंडसरहून त्यांच्या मोटरसायकलवर आले. टूरच्या आधीची तालीम करायची ठरली होती. इथून तासाभरावर फोर्क्स ऑफ द क्रेडिट नावाचा रस्ता आहे, टेकड्यांमधला, त्याला एक अगदी घाटासारखं वळण आहे. टोरांटोकडचे सगळे मोटरसायकलवाले त्या एका वळणासाठी तिथे जातात. बिचाऱ्यांनी वरंध पाहिलेला नाही.

उल्हासने बाइक ड्राइव्हवेवर आणून उभी केली होती. मागे सगळा बाजार बांधलेला. तीन गोण्या, वर तूरडाळ. हेरॉल्डने हेल्मेट काढलं आणि तो त्या ढिगाभोवती एक चक्कर मारून आला.

"हे काय आहे?"

"डमी लगेज," उल्हास म्हणाला. "प्रॅक्टिससाठी."

"एवढं? तू पाच दिवसांसाठी जातोयस की इमिग्रेट करतोयस? अरे, कपडे साइड बॉक्समध्ये मावतात. मागे इतकं वजन कोण घेतं?"

उल्हास खाली वाकून पट्टा ओढत बसला. तो आधीच घट्ट होता.

पर्लने ढिगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत. मग परत ढिगाकडे. रोज माणसांच्या अंगाचा अंदाज घेणारी बाई ती.

"हेरॉल्ड," ती म्हणाली, "ही तर सीमा आहे."

समोरच्या घरातला माणूस लॉन कापत होता, तेवढाच आवाज.

"उल्हास," मी म्हणाले, "ही मी आहे?"

"वजनाला," तो पट्ट्याकडे बघत म्हणाला. "फक्त वजनाला."

"तीन गोण्या?"

"गेल्या वर्षी फिजिकलच्या वेळी तू डॉक्टरला सांगितलंस तेवढं."

"आणि वर ही तूरडाळ?"

"ते तुझं हेल्मेट."

हेरॉल्ड तोंड फिरवून गराजच्या दाराकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. मला मात्र हसू येत नव्हतं.

"मी नाही म्हणाले होते," मी म्हणाले.

"म्हणूनच परत विचारलं नाही." उल्हास उभा राहिला. कान लाल झाले होते. "ऊर्मी काय म्हणाली ऐकलंस ना. परत विचारणं म्हणजे प्रेशर. मी रोज विचारायचं ठरवायचो आणि रोज गप्प बसायचो. मग तू तारखा पुढे ढकलल्यास. रेट कमी वगैरे म्हणालीस, पण तुझे रूट शेवटच्या आठवड्यातच बसतात, मला माहितीये. मला वाटलं, हिने मन बदललं तर? आयत्या वेळी हो म्हणाली तर? मी मागे माणूस बसवून शेवटची गाडी चालवली ती वरंध घाटात. तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो. आता डोंगरात वळणावर तुला पाडली असती तर?"

म्हणजे माझा नवरा महिनाभर मला मागे बसवून शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गोल गोल फिरवत होता, आणि मी खिडकीतून बघत खिचडीच्या तांदळासाठी चिडत होते. मला रडू आलं. ओढणीने डोळे पुसले तर तेवढ्यात समोरच्या लॉनवाल्याने हात हलवून गुड मॉर्निंग केलं, मग त्यालाही हसून हात करावा लागला.

"मग आता विचार," मी म्हणाले.

"अलाउड आहे?"

"आहे."

उल्हासने हातमोजे काढले. तूरडाळ उचलून खाली ठेवली, गोण्यांवरचा पट्टा सैल केला आणि माझ्यासमोर उभा राहिला. हेरॉल्डनेही उगाच कपडे नीट केले.

"सीमा, येतेस का?"

"मी कशाला," मी म्हणाले.

देवाशपथ सांगते, ते मी म्हटलं नाही. ते निघालं. पन्नास वर्षांची सवय, तिला कुणाची परवानगी लागत नाही. पर्लने डोळे मिटून घेतले. मी वाट बघत होते. अजून एकदा, एकच. अगं चल की, एवढंच.

उल्हासने मान हलवली. "ओके," तो म्हणाला. हळू म्हणाला. तो ओके मी मार्चमध्येही ऐकला होता, पण तेव्हा मी कणकेकडे बघत होते आणि त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. आता पाहिला. माझ्या नाहीने या माणसाचं काय होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. तो वळला, त्याने पट्टा परत गोण्यांवरून ओढून आवळला, खाली वाकून तूरडाळीचं पाकीट उचललं आणि माझं डोकं पुन्हा जागच्या जागी बसवायला लागला.

"ठेव ती डाळ खाली," मी म्हणाले. "मला यायचंय."

आवाज जरा मोठाच निघाला. लॉनवाल्याचं मशीनही थांबलं.

"मला मार्चमध्येच यायचं होतं. पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच. मला तुझ्या मागे बसायचंय, उल्हास, आणि ती काळी बॅग मला आवडत नाही."

असं वाक्य माझ्या माहेरच्या कुठल्याही बाईने आजवर उच्चारलेलं नाही. मावशीने ऐकलं असतं तर माझं नाव त्या जावेच्या शेजारी लावलं असतं. उल्हास पाकीट हातात धरून उभा होता.

"शुअर?" त्याने विचारलं.

"परत विचारू नकोस."

मग गोण्या उतरवायला हेरॉल्ड पुढे आला. एक एक करून त्यांनी मला गराजच्या भिंतीशी रचलं. पर्लने तिचं हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि हलवून पाहिलं. नीट बसलं. तिचं जॅकेटही मला झालं.

"आणि तू?" मी विचारलं.

"चार तास बसून आलेय, माझी कंबर गेली. मी इथेच थांबते. फ्रिजमध्ये काय आहे?"

"श्रीखंड आहे. घेशील ना?"

"हो," पर्ल म्हणाली आणि आत निघून गेली.

सीट माझ्या आठवणीतल्यापेक्षा उंच होती. पाय टाकताना माझा गुडघा कुरकुरला आणि बाइक किंचित डगमगली, पण उल्हासने ती लगेच सावरली. गोण्यांनी त्याला चांगलं तयार केलं होतं. हेरॉल्ड पुढे निघाला. आम्ही त्याच्या मागे ड्राइव्हवेवरून रस्त्यावर आलो, शाळेच्या पार्किंग लॉटवरून गेलो, सिग्नलला थांबलो. समोर त्याची पाठ होती. आधीपेक्षा रुंद झाली होती, मान थोडी पुढे आली होती, पण ओळखीची होती.

सिग्नल सुटायच्या आधी त्याने मान थोडी वळवली.

"घट्ट धर," तो म्हणाला.

"कशाला," मी म्हणाले, आणि धरलं.